जिंकलो तरच लोकशाही?

महोदय,

जून २०२४ मध्ये राज्यातील ४८ पैकी ३० लोकसभा जागा महाविकास आघाडीला मिळाल्या, तेव्हा आमच्या वाशीत तिचे समर्थक ‘लोकशाही वाचली’ म्हणत होते. नोव्हेंबरमध्ये महायुतीच्या तीन मुख्य पक्षांनी विधानसभेच्या २३० जागा जिंकल्या आणि तीच मंडळी मतदानयंत्राला दोष देऊ लागली. समोरची बाजूही तितक्याच झटकन समाधानी झाली. विचारसरणी जितकी कट्टर, तितका पराभव जिव्हारी लागतो.

हे केवळ आपल्याकडचे नाही. युरोपातील ११ देशांच्या १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हरलेल्या पक्षांचे मतदार लोकशाहीबाबत कमी समाधानी आढळले. मात्र जिथे सत्तेत अधिक पक्षांना वाटा मिळतो, तिथे ही दरी कमी होती. आपल्याकडे उमेदवार एका मताने पुढे असला तरी जागा पूर्ण त्याची!

नवी मुंबईत तर मे २०२० नंतर पाच वर्षांहून अधिक काळ नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. त्याविरुद्ध ना जिंकणारे पेटून उठले, ना हरणारे, याचे फार वाईट वाटते. पालिका निवडणुका मुदतीतच व्हाव्यात, ही मागणी सर्व पक्षांच्या कार्यकर्त्यांनी एकत्र लावून धरावी.

– एक मतदार, वाशी, नवी मुंबई