केरीचे मठ आणि चुन्याविना उभे दगड

महोदय,

१७ मार्च, म्हणजे सेंट पॅट्रिकचा दिवस, आला की ‘सेंट पॅट्रिकने आयर्लंड ख्रिस्ती केले’ हे वाक्य मराठी वृत्तपत्रांतही हमखास छापून येते. ते अपुरे आहे. इ.स. ४३१ मध्ये पोपने पॅलेडियसला बिशप नेमून ‘ख्रिस्तावर श्रद्धा असलेल्या’ आयरिशांकडे पाठवले, अशी प्रॉस्पर या त्या काळच्या ख्रिस्ती लेखकाच्या इतिवृत्तात नोंद आहे. म्हणजे श्रद्धावान तिथे आधीच होते.

आयर्लंडच्या नैऋत्येकडील केरी काउंटीत (परगण्यात) तर मठांशी जोडलेली नावे वेगळीच आहेत. संत ब्रेंडन हा केरीतल्या ट्रेलीच्या परिसरातला, इ.स. ४८४ च्या सुमारास जन्मलेला. केरीतले आर्डफर्ट आणि गॉलवेतले क्लॉनफर्ट हे त्याचे मठ मानले जातात. लॉख लेन तलावातल्या इनिसफॉलन बेटावरच्या मठाचे श्रेय परंपरा संत फिनानला देते. गावांची नावेही बोलकी आहेत. किलमाल्केदारमधले ‘किल’ लॅटिन ‘सेल्ला’वरून, म्हणजे कोठडीवरून आले आहे.

पण केरीचे खरे वैभव बांधकामात आहे, आणि तिथे ‘चुन्याविना उभे’ एवढे म्हणून थांबणे अन्यायाचे होईल. डिंगल द्वीपकल्पावरचे गॅलरसचे प्रार्थनागृह बाहेरून सुमारे ८ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद, उलट्या नावेसारखे. त्याचा काळ ठरवताना अभ्यासकांत काही शतकांचा फरक पडतो, पण त्याची रीत डोळ्यांना दिसते. प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा किंचित आत सरकवलेला. दगडाचा मोठा भाग मागे भिंतीत, त्यामुळे पुढे आलेले टोक खाली झुकत नाही. शिवाय दगड बाहेरच्या बाजूला थोडा उतरता बसवलेला, म्हणून सांध्यात शिरलेले पावसाचे पाणी बाहेर निथळते. खिद्रापूरच्या कोपेश्वराची छते पाहिलेल्यांना थर पुढे काढत जागा झाकण्याची ही युक्ती परकी वाटणार नाही.

दोषही याच रीतीत आहे. गोल दगडी झोपडीत प्रत्येक थर स्वतःभोवती कडे होऊन घट्ट बसतो. आयताकृती जोत्यावर असे कडे जुळत नाही, त्यामुळे लांब भिंती मधोमध आत दबतात. गॅलरसच्या माथ्याची रेषाही मध्यभागी जराशी खचलेली आहे. याच घडणीची इतर अनेक प्रार्थनागृहे ढासळली, ती इथेच.

स्केलिग मायकलवर हे कसब कमालीला पोहोचते. केरीच्या किनाऱ्यापासून समुद्रात सुमारे १२ किलोमीटरवरचा हा २१८ मीटर उंच खडक. साधारण १८० मीटर उंचीवर मठ, वर जायला सहाशेहून अधिक पायऱ्या. सहा मधमाशीच्या पोळ्यासारख्या कोठड्या, आतून चौकोनी आणि बाहेरून गोलाकार, शिवाय दोन प्रार्थनागृहे. मात्र मोठे श्रम कोठड्यांचे नव्हतेच. आधी उतारावर धारक भिंती रचून, मागे भराव घालून सपाटी तयार करावी लागली. पिण्यासाठी पावसाचे पाणी टाक्यांत साठवत. इ.स. ८२४ ची नोंद सांगते की व्हायकिंग या समुद्री लुटारूंनी इथल्या एतगल नावाच्या मठवासीला पळवून नेले आणि तो भुकेने, तहानेने मेला. तरीही मठ शतकानुशतके चालला. १९९६ पासून तो जागतिक वारसा आहे. जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: पायऱ्यांना बहुतेक ठिकाणी कठडा नाही, २००९ मध्ये दोन पर्यटक पडून दगावले, आणि समुद्र खवळला तर होडी धक्क्याला लागत नाही.

हे कोल्हापूरकरांपुढे मांडण्याचे कारण आहे. गगनबावडा, पन्हाळा भागात आपल्या जुन्या, चुन्याविना रचलेल्या गडग्यांचे (दगडी कुंपणभिंतींचे) आणि तालींचे (उतारावरची माती धरणाऱ्या दगडी बांधांचे) सांधे आता सिमेंटने भरले जातात. भिंत वरून पक्की दिसते, पण मागचे पाणी निघायची वाट बंद होते, भराव फुगतो आणि पावसाळ्यात अख्खा तुकडा पोट काढून कोसळतो. दुरुस्ती करायचीच तर आधी छायाचित्र घ्यावे, दगडांवर खडूने क्रमांक घालावेत, फुगलेला भाग शाबूत थरापर्यंत उतरवावा आणि तेच दगड त्याच तोंडाने, लांब बाजू आत ठेवून पुन्हा रचावेत. मागे माती नको, कपच्या भराव्यात. हे काम जाणणारे पाथरवट आणि वडार जिल्ह्यात अजून आहेत. ग्रामपंचायतींनी अंदाजपत्रकात सिमेंटच्या पोत्यांआधी त्यांची मजुरी धरावी.

दगडी वास्तूंचे अभ्यासक,
कोल्हापूर