बोटांच्या ठशांवरून मुलगा ओळखणाऱ्यांना सोडून तुमच्याकडे आलो, बाई

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

आभारबिभार मानायचे नाहीत, असं तुम्ही नौपाड्यातल्या तुमच्या दारातच बजावलंत. तरी लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. आमच्यासारखे पालक ठाण्यात गल्लोगल्ली आहेत.

दहावीच्या तोंडावर एका क्लासने मुलाच्या दहा बोटांचे ठसे घेतले आणि जन्मजात बुद्धिमत्तेचा जाडजूड रिपोर्ट हातात ठेवला. रंगीत आलेख, गुळगुळीत कागद. तर्कबुद्धी कमी, सायन्स टाळावं. मला ते पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं आणि मी तसं विचारलंही. समुपदेशक म्हणवणारे गृहस्थ म्हणाले, ‘हे सायन्स आहे मॅडम, इथे शंका चालत नाही.’ शाळेने हात झटकले. तोवर पोराने गणिताची वही उघडणं सोडलं होतं. ‘आई, माझ्यात ते नाहीच आहे,’ म्हणायचा. पैसे घेऊन मुलाच्या मनात हे पेरणाऱ्यांचा राग अजून जात नाही.

तुम्ही मात्र त्या दुपारी माझ्याशी बोलायच्या आधी त्याच्यापुढे रिपोर्ट सरकवलात. चष्म्याच्या डबीतून एक लहानशी झिजलेली पेन्सिल काढून त्याच्या हातात दिलीत. म्हणालात, ‘जे वाक्य तुझ्या बाकावरच्या मित्रालाही लागू पडेल, ते खोड.’ आणि गप्प बसलात. मी मध्ये बोलणार होते, तर मला नुसती मान हलवून थांबवलंत. ‘कधी आत्मविश्वास असतो, कधी शंका वाटते’ खोडलं. ‘कौतुक झालं की जोमाने काम करतो’ खोडलं. पुढे त्याचा हात भराभर चालायला लागला, तिसऱ्या पानावर तो हसला. कित्येक आठवड्यांनी हसला, बाई. त्याच्याबद्दलच्या कागदावर त्यालाच पेन्सिल चालवू द्यावी, हे तोवर कुणाला सुचलं नव्हतं.

मग तुम्ही त्याला फोररची गोष्ट सांगितलीत. १९४८ साली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझं व्यक्तिमत्त्व’ म्हणून एकच मजकूर दिला, बराचसा भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. वर्णन किती जुळतं याला मुलांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले! ठशांचंही तसंच. ते आईच्या पोटातच उमटतात, म्हणून त्यात बुद्धी लिहिलेली असते असं काही होत नाही. गॅल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हे शोधून पाहिलं होतं. बुद्धी रक्तातून येते यावर त्याचा ठाम विश्वास, त्यापायी त्याने घातक विचारही पसरवले. पण १८९२च्या ठशांवरच्या पुस्तकात त्याने कबूल केलं, की थोर विचारवंतांच्या ठशांसारखेच ठसे जन्मतः मतिमंद असलेल्यांचेही सापडतात. सव्वाशे वर्षांपूर्वी निकालात निघालेली गोष्ट आज आम्हाला हजारोंनी विकली जाते.

मानसशास्त्र म्हणजे मन वाचण्याची विद्या असंच माझा मुलगा समजत होता. वुंट या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८७९ साली लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली तेव्हा तिथे वेळ मोजण्याची यंत्रं होती, हे ऐकून त्याचे डोळे चमकले. त्याने तुम्हाला उलटसुलट प्रश्न विचारले, एकदा तर तुमचं म्हणणंच खोडून काढायला निघाला. तुम्ही रागावला नाहीत, ‘बरोबर अडवलंस’ म्हणालात. ज्याच्याकडे खरी विद्या आहे तो शंका विचारणाऱ्याला आदराने वागवतो, मग समोर पंधरा वर्षांचं पोर का असेना. अशी सरळ, सभ्य माणसं आहेत म्हणून या बाजारात आमचा निभाव लागतो.

अकरावीला त्याने सायन्सच घेतलं आहे. गणितात अडखळतो, पण बसतो. फोररच्या मुलांना चापलुसीऐवजी कडक टीका वाचायला दिली असती तर त्यांनी किती गुण दिले असते, हा प्रश्न त्याने वहीत लिहून ठेवलाय. रविवारी तुमच्याकडे पाठवते. या वेळी डब्याला नाही म्हणू नका.

आपली कृतज्ञ,
एक आई, ठाणे