ग्रंथपाल मॅडमना, गणित मंडळाकडून

आदरणीय मॅडम,
स. न. वि. वि.

22 डिसेंबरला, राष्ट्रीय गणित दिनाला, 'विविध क्षेत्रांतील गणित' या विषयावरची विद्यार्थ्यांची भाषणं यंदा ऐकावीशी झाली ती तुमच्यामुळे. एरवी हवामान, बँका, औषधं अशी नावं भराभर येतात आणि गणित मात्र फळ्यावर उतरतच नाही. यंदा प्रत्येकाने 12 मिनिटांत एकच गणित सोडवायचं आणि ते कुठे फसतं तेही दाखवायचं, हा आग्रह तुम्ही धरलात. त्याबद्दल मनापासून आभार.

पुस्तकाच्या आयएसबीएन या ओळखक्रमांकावरचं भाषण तर तुमच्या नोंदवहीतूनच उभं राहिलं. या 13 अंकांना डावीकडून आळीपाळीने 1 आणि 3 ने गुणायचं. बेरजेला 10 ने पूर्ण भाग गेला तर क्रमांक बरोबर. हाताने टाइप करताना शेजारचे दोन अंक उलटले तर बहुतेक वेळा चूक पकडली जाते. 14 चं 41 झालं, तर 1×1 + 4×3 = 13 च्या जागी 4×1 + 1×3 = 7 येतात; फरक 6, चूक सापडली. पण 16 चं 61 झालं की 19 च्या जागी 9. फरक बरोबर 10, म्हणून संगणक चुकीचा क्रमांक निमूट स्वीकारतो. दोन अंकांत 5 चा फरक असला की हे असंच होणार. तुम्ही खुणा करून दिलेल्या नोंदी नसत्या, तर मुलांनी पद्धत नुसती पाठ म्हटली असती. 'आधार' क्रमांकाच्या शेवटच्या, चूक पकडणाऱ्या अंकाला ही अडचण का येत नाही, हा प्रश्नही त्यातूनच निघाला. तिथे डच गणितज्ञ व्हेरहोफ यांची रीत आहे: नियमित पंचकोन फिरवून किंवा उलटवून स्वतःवरच बसवण्याचे 10 प्रकार 0 ते 9 या अंकांसाठी घ्यायचे, आणि त्यांत क्रम बदलला की उत्तर बदलू शकतं, त्यामुळे उलटलेले अंक पकडता येतात.

रोगचाचणीच्या भाषणात टक्के पुसून माणसं मोजायला लावलीत, तेही फार मोलाचं. 1000 जणांत 10 आजारी. 90 टक्के पकडणाऱ्या चाचणीत 9 सापडले. उरलेल्या 990 निरोगींपैकी 9 टक्के, म्हणजे सुमारे 89, चुकून पॉझिटिव्ह. एकूण 98 पॉझिटिव्ह, त्यांत खरे आजारी फक्त 9. हा आकडा फळ्यावर आला तेव्हा मागच्या बाकांवरूनही प्रश्न आले.

नोंदवही सोबत परत पाठवत आहोत. 5 च्या फरकाच्या जोड्यांखाली लाल रेघ मारली आहे. तेवढे क्रमांक पुस्तकाच्या पाठीवरून पुन्हा ताडून घ्यावेत.

आपले,
गणित मंडळाचे शिक्षक व विद्यार्थी