तीन संध्याकाळी शेजारी बसलेल्या मॅडमना पत्र

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

एम. एस्सी.ला असताना मी जमिनीवर धावणारे दोन काळे, टणक भुंगेरे एकाच पेटीत शेजारी-शेजारी टाचले होते आणि ते एकमेकांचे जवळचे नातलग असावेत, असे वहीत लिहिले होते. आपण ते वाक्य खोडले नाहीत; मेणाचा ट्रे आणि दोन बारीक सुया पुढे ठेवल्यात आणि तीन संध्याकाळी माझ्या शेजारी बसून राहिलात. त्याबद्दल आभार मानायला मला फार उशीर झाला आहे.

पाठीवरचे कठीण पंख उचलून, खालची मऊ त्वचा कडेने कापून थोडे सलाइन सोडले, की आतडे अलगद वर येते, हे मी तेव्हा प्रथम पाहिले. पहिला भुंगेरा कॅराबिडी कुळातला, शिकारी. त्याच्या मालपिघी नलिका, म्हणजे उत्सर्जनाच्या नळ्या, चार होत्या आणि त्यांची टोके मोकळी होती. वृषण म्हणजे गुंडाळी झालेली एकच लांब नळी. दुसरा टेनेब्रिओनिडी कुळातला, पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्याचा भाऊबंद. त्याच्या नलिका सहा निघाल्या आणि सुईने ओढूनही त्यांची टोके सुटेनात, कारण ती मलाशयाला पडद्याखाली घट्ट बांधलेली होती. विष्ठेतले पाणी परत शोषणारी ही रचना कोरड्या पिठावर जगणाऱ्याला हवीच, असे मला वाटले.

मग तिसऱ्या संध्याकाळी आपण ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड भुंगेरा, आणलात. मावा या रसाळ किडीवर जगणाऱ्याला पाण्याची एवढी काटकसर कशाला? तरीही नलिका सहाच आणि टोके बांधलेलीच! राहणी बदलली तरी पूर्वजांकडून आलेली मांडणी पोटात टिकते, हे मला त्या क्षणी उमगले. दिसायला जुळे वाटणारे ते दोघे भुंगेऱ्यांच्या दोन वेगळ्या उपगणांतले (मोठ्या शाखांतले) ठरले, पहिला अ‍ॅडिफॅगातला, दुसरा पॉलिफॅगातला, आणि गोल, ठिपकेदार ढालकिडाच टेनेब्रिओनिडीचा खरा आप्त निघाला.

एकाच इंद्रियावर विसंबू नकोस, हेही आपणच बजावलेत. म्हणून अंडनलिका, म्हणजे मादीच्या अंडाशयातल्या अंडी तयार करणाऱ्या नळ्या, पाहिल्या: अ‍ॅडिफॅगात पोषक पेशी अंडपेशींच्या मधूनमधून असतात, पॉलिफॅगात त्या टोकाशी एकवटतात. शार्प आणि म्यूर यांनी 1912 मध्ये नरांच्या जननेंद्रियांची केलेली तुलनाही आपणच वाचायला दिलीत. डीएनएवरून मांडलेल्या वंशवृक्षांतही हे दोन उपगण वेगळेच राहतात, हे पुढे वाचताना मला आपली फार आठवण आली.

ती पेटी अजून माझ्याकडे आहे. ढालकिडा आता टेनेब्रिओनिडीच्या शेजारी टाचलेला आहे आणि त्याखालची चिठ्ठी आपल्या अक्षरातली आहे.

आपला विद्यार्थी