गोलूच्या तोंडाबद्दल सुध्याला

नागपूर
रविवार, रात्री

प्रिय सुध्या,

तुझे फोन उचलले नाहीत, कारण हे फोनवर सांगता आलं नसतं. तू मधेच रडला असतास नाहीतर माझ्यावर ओरडला असतास, आणि सांगायचं अर्धं राहिलं असतं. काकूंच्या गोलूच्या बायोप्सीचा रिपोर्ट आला. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, मॉडरेटली डिफरन्शिएटेड. म्हणजे तोंडाचा कॅन्सर. काकूंना अजून "गाठ आहे, ऑपरेशन लागेल" एवढंच माहीत आहे. बाकीचं तुझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना सोसेल. हनुमाननगरच्या खोलीत आपण राहत होतो तेव्हापासून त्यांचा माझ्यापेक्षा तुझ्यावरच जास्त विश्वास, आणि त्यावरून आपण भांडलोही आहोत.

इकडे सगळे बरे. आईचं मोतीबिंदूचं झालं, माझं बीपी गोळीवर आहे.

त्याच्या खर्र्याबद्दल, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याच्या घोट्याबद्दल, तुझ्या चिठ्ठीत होतं, "खर्रा, तोंड उघडत नाही, बघ." (अक्षर अजून तसंच आहे बे. "बघ" आहे की "बस", हे आमच्या सिस्टरला विचारावं लागलं.) पण तुझ्याकडे येण्याआधी गोलू बरेच महिने दुसरीकडे सबम्यूकस फायब्रोसिसची, म्हणजे सुपारीने तोंड आखडण्याच्या आजाराची, इंजेक्शनं घेत होता. ती फाईल सोबत होती. फाईल नीटनेटकी आहे. दर वेळी तोंड किती उघडतं ते मिलिमीटरमध्ये लिहिलंय: १४, १६, १९, २१. मग १७. मग १३. चढत्या आकड्यांपाशी "सुधारणा" असा शेरा आहे. उतरत्या आकड्यांपाशी "व्यायाम करत नाही" असा आहे. गालात आत काय दिसलं, दाढेमागे बोटाला काय लागलं, याची एक ओळ पूर्ण फाईलमध्ये नाही. माझी झोप उडाली ती याने. एकट्या गोलूची ही गोष्ट असती तर मी इतकं लांबलचक लिहायला बसलो नसतो. तुझ्या तालुक्यात अशा फाईली घेऊन फिरणारी कितीतरी पोरं आहेत.

सबम्यूकस फायब्रोसिसमध्ये तोंड आखडतं ते सावकाश, वर्षांच्या हिशोबाने, आणि बहुतेक दोन्ही बाजूंनी. आधी तिखट झोंबतं, मग गालाची आणि टाळूची त्वचा पांढुरकी पडते, मग गालात उभे पट्टे बोटाला लागतात, पडजीभ आक्रसून कळीएवढी होते, जीभ पुरती बाहेर येत नाही, गाल फुगवता येत नाहीत. ज्याने खर्रा कमी केलाय, ज्याचा आकडा वर गेला होता, त्याचा आकडा दोन महिन्यांत ८ मिलिमीटर खाली येतो, तेव्हा ते फायब्रोसिसचं वागणं नव्हे. दाढेमागे काहीतरी वाढून चावायच्या स्नायूंत शिरलं की असं होतं. गोलूच्या बाबतीत बाकीच्या खुणाही होत्या. डावा कान दुखायचा आणि कानात काहीच सापडायचं नाही, कारण खालच्या जबड्याची संवेदना नेणारी नस कानाच्या पुढच्या भागालाही शाखा देते. खालची डावी दाढ हिरडीचा आजार नसताना हलायला लागली, ती कुणीतरी काढली, आणि तो खड्डा भरलाच नाही. खड्ड्यातून लालसर मांस वर आलं, तर जंतुसंसर्ग म्हणून अँटिबायोटिकचे कोर्स झाले. दात काढल्यावर दोन-तीन आठवड्यांत खड्डा वरून झाकला जायला हवा. तसं झालं नाही आणि आत मऊ, सहज रक्त येणारं मांस दिसलं, तर तो तुकडा पॅथॉलॉजीकडे गेलाच पाहिजे. खालचा ओठ एका बाजूला बधिर होणं ही आणखी एक खूण. त्याचा अजून झालेला नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

तू म्हणशील, १३ मिलिमीटरमध्ये पाहायचं कसं? पाहता येतं, आणि हे तुझ्या दवाखान्यातही जमतं. गाल आणि दातांची बाहेरची बाजू यांमधून बोट मागे नेताना तोंड उघडावंच लागत नाही. दात मिटलेले असले तरी चालतं. ग्लोव्ह घालून तर्जनी, गाल फारच ताठ असेल तर करंगळी, खालच्या दातांच्या बाहेरून सरकवत शेवटच्या दाढेमागे न्यायची. दुसऱ्या हाताची बोटं बाहेरून गालावर, म्हणजे मधला भाग चिमटीत येतो. फायब्रोसिसचा पट्टा दोरीसारखा लागतो, बोटाखाली त्याची कड धरता येते आणि तो फारसा दुखत नाही. गाठ लागते ती कडक, पसरट, खालच्या हाडाला चिकटलेली, आणि बोट बाहेर आलं की त्याला रक्त असतं. मग डोक्यावरचा दिवा, गाल ओढायला लाकडी पट्टी, आणि दातांच्या फटीतून आडवा घातलेला आरसा. तरीही मागचं दिसलं नाही तर कान-नाक-घसावाल्याकडून ४ मिलिमीटरची दुर्बीण आत घालून घ्यायची. शेवटी जबड्याखाली आणि मानेत गाठी चाचपायच्या, रुग्णाची मान थोडी पुढे झुकवून, म्हणजे स्नायू सैल पडतात. पाच मिनिटांचं काम आहे हे, सुध्या.

बायोप्सीबद्दलही लिहितो, कारण गोलूची एक आधी झाली होती आणि तिचा रिपोर्ट "क्रॉनिक इन्फ्लमेशन", म्हणजे नुसती जुनी सूज, असा आला होता. तुकडा खड्ड्यातल्या कुजलेल्या पांढऱ्या थरातून घेतला असेल तर दुसरं काय येणार? तुकडा जखमेच्या कडेचा हवा, कडक लागणारा, थोडी शेजारची चांगली त्वचा सोबत घेऊन, आणि खोल. वरवरचा पापुद्रा काढला तर रोग खालच्या थरात गेलाय की नाही हे पॅथॉलॉजिस्टला सांगताच येत नाही. भूल जखमेत टोचायची नाही, बाजूला टोचायची. चिमट्याने चिरडायचा नाही, जाळून कापायचा नाही. १० टक्के फॉर्मॅलिन, तुकड्याच्या किमान दहापट. सलाईनमध्ये घालून दुसऱ्या दिवशी पाठवलेला तुकडा वाया गेला असं समज. आणि बोटाला कडक लागत असताना रिपोर्ट निगेटिव्ह आला तर दुसरा तुकडा घ्यायचा, रुग्णाला घरी पाठवून मोकळं व्हायचं नाही.

आता पुढचं. एमआरआयमध्ये रोग हाडातून मॅसेटर आणि आतल्या टेरिगॉइड या चावायच्या स्नायूंपर्यंत गेलेला दिसतो. मानेत डावीकडे एक गाठ, दीड सेंटिमीटरची. स्टेजच्या नियमाप्रमाणे कागदावर टी४बी, म्हणजे फार पुढची पायरी, लिहिलं जाईल, आणि ते वाचून कुणीतरी काकूंना "आता काही होत नाही" असं सांगेल. तू तसं म्हणू देऊ नकोस. टी४बी या एकाच खोक्यात फार वेगवेगळे रुग्ण कोंबलेले आहेत. जबड्याच्या वरच्या टोकाला दोन उंचवट्यांमध्ये जी खाच असते, तिच्या खालपर्यंतच रोग असेल तर स्नायूंसकट तो पूर्ण कप्पा काढता येतो. खाचेच्या वर, कवटीच्या तळाकडे गेला तर सर्जरीचा उपयोग फार घटतो. गोलूचा खाचेच्या खाली आहे. म्हणून ऑपरेशन, आणि लवकर.

डावा खालचा जबडा मागच्या भागासकट, वरच्या जबड्याची मागची कड, गाल, चावायचे स्नायू आणि मानेतल्या गाठी हे एकाच वेळी निघेल. जागा भरायला छातीचा स्नायू किंवा मांडीचा फ्लॅप, म्हणजे तिथून उचललेलं कातडी-मांस. ते प्लॅस्टिक सर्जनबरोबर बसून ठरवू. भूल देताना तोंडातून नळी जाणार नाही, जागेपणीच दुर्बिणीने नाकातून घालावी लागेल, त्यामुळे भूलतज्ज्ञ त्यात मुरलेला हवा. त्यानंतर रेडिएशन: ६० ग्रे (हे किरणांचं माप), ३० बैठकी, आठवड्याला पाच, आणि ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू. इथेच पोरं गळतात. जखम भरली, घरी गेलं, दिवाळी झाली की मग येऊ म्हणतात आणि येतात ते गाठ परत घेऊन. कडेला रोग उरला असेल किंवा गाठीच्या आवरणाबाहेर पडला असेल तर सोबत सिस्प्लॅटिन ही केमो. किडके दात सर्जरीच्या वेळीच काढून टाकू, कारण रेडिएशननंतर दात काढला तर जबड्याचं हाड सडण्याची भीती असते. पैशाचं महात्मा फुले योजनेत बसतं. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव सारखं आहे का एवढं आधी पाहून ठेव. गोलूचं आधारवरचं नाव वेगळं असल्याचं अंधुक आठवतं.

काकू मला सारख्या सांगत होत्या, "त्यानं खर्रा कवाचा सोडला, आता फक्त गोड सुपारी खातो." ऐकून गलबलून आलं. तुला आपलं जुनं भांडण आठवतं? मेडिकल चौकातल्या टपरीवर तू तास-तास मिरचीची बाजू लढवायचास, कारण तुझ्या त्या जुन्या पुस्तकात मिरची लिहिली होती, आणि पक्या तुझ्याच चहाचे पैसे देऊन तुला आणखी चढवायचा. मिरची या आजारात झोंबते. आजार सुपारी करते. सुपारीतलं अरेकोलिन पेशींना कोलॅजन बनवायला लावतं, टॅनिन ते कोलॅजन विरघळू देत नाही, आणि सुपारीतलं तांबं ज्या एन्झाइमला जोर देतं ते त्या धाग्यांना एकमेकांशी जखडतं. १९५२ मध्ये श्वार्ट्झने हा आजार लिहिला तो केनियातल्या भारतीय बायकांमध्ये, आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशींनी इथला. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूशिवायची नुसती सुपारीही कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकली. गुटख्यावर आपल्याकडे २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा पन्नीत घोटून समोर मिळतो, आणि गोड सुपारी तर आपणच जेवणानंतर पाहुण्यांपुढे ठेवतो. "तंबाखू सोड" एवढंच सांगितलं की पोरगं प्रामाणिकपणे तंबाखू सोडतं आणि सुपारी धरतं. गोलूने सांगितलेलं ऐकलं, सुध्या. सांगणाऱ्यांनी पुरतं सांगितलं नाही.

इंजेक्शनं वाईट आहेत असं मी म्हणत नाही, नाहीतर तू लगेच "तुम्ही सर्जन लोक" सुरू करशील. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ४ मिलिग्रॅम, पट्टे सैल करणारं हायलुरोनिडेज १५०० युनिट, लिग्नोकेन या भुलीच्या औषधात मिसळून पट्ट्यांमध्ये थोडं थोडं, आधी साखर तपासून. सोबत रोजचा व्यायाम. त्याने तोंड मोकळं होतं, जेवण सोपं होतं. पण सुई स्वतःही जखम करते, म्हणून ती वर्षभर चालवायची नसते. आणि लाल किंवा खरखरीत डाग असलेल्या गालात आधी बायोप्सी, नंतर सुई. लाल मखमली डाग तर अजिबात थांबू द्यायचा नाही. त्यातल्या अर्ध्याहून जास्तांत तुकडा तपासला की कॅन्सर निघतो. फायब्रोसिस हाच कॅन्सरच्या आधीचा आजार आहे. एर्नाकुलममध्ये १७ वर्षं पाठपुरावा केला तेव्हा ७.६ टक्के रुग्णांना कॅन्सर झाला होता. तोंड २१ मिलिमीटर उघडलं म्हणून तो धोका कमी होत नाही. तोंड उघडवायचं ते जेवता यावं म्हणून, आणि आपल्याला आत पाहता यावं म्हणून. आकडा वाढला आणि आत पाहिलंच नाही, तर त्या इंजेक्शनांचं अर्धं मोल गेलं.

तुझ्याकडे फायब्रोसिसची जी पोरं येतात, त्यांना दर तीन महिन्यांनी बोलाव, खर्रा सोडलेल्यांनाही. केसपेपरवर आकड्याखाली चार ओळी सक्तीच्या कर: डावा गाल, उजवा गाल, दाढेमागे, मान. बोट घातल्याशिवाय त्या भरायच्या नाहीत. आकडा घेताना दर वेळी तेच वरचे-खालचे पुढचे दात, कडेपासून कडेपर्यंत. एकदा ओठापासून आणि एकदा दातापासून मोजलं तर तुलना काय कामाची? टोचणारा दात असेल तर घासून घे आणि दोन आठवडे थांब. दोन आठवड्यांत जखम भरली नाही तर माझ्याकडे पाठव. त्या दोन आठवड्यांत गोळ्यांचा तिसरा कोर्स देऊ नकोस.

वहिनींची बदली झाली का? ओवीला बारावीनंतर नागपूरला ठेवायचं असेल तर आमच्याकडेच ठेव, वरची खोली रिकामी आहे. शेताच्या वाटणीचं मात्र भावाशी बोलून टाक, कोर्टात जाऊ नकोस.

गुरुवारी काकूंना घेऊन ये. सकाळी लवकर, म्हणजे भूलतज्ज्ञांनाही भेटता येईल. गोलूचं हिमोग्लोबिन ८.६ आहे, नीट जेवताच येत नाही त्याला. तोवर दर दोन तासांनी पातळ काहीतरी, दूध, अंडं घुसळून, वरणाचं पाणी तूप घालून, असं पोटात जाऊ दे. नाकातून नळी घालायची वेळ आली तर इथे घालू, घाबरू नका म्हणावं.

तुझा,
विन्या

ता.क. आधीच्या बायोप्सीची स्लाइड आणि ब्लॉक त्या लॅबमधून मागून आण. नुसता रिपोर्ट नको, मेणाचा ब्लॉक हवा. रुग्णाने लेखी मागितला की देतात, गोलूची सही घेऊन जा.