परिचारिकांच्या विशेष प्रशिक्षणाचा हिशेब करारात हवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. तेव्हापासून १०,००० जागांची आणि जर्मन भाषेच्या वर्गांची चर्चा सुरू आहे व तीत परिचारिकांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. शासकीय परिचर्या प्रशिक्षण केंद्रात पाठ्यनिर्देशिका म्हणून मी बरीच वर्षे काम केले असल्याने या संधीचे मला मनापासून स्वागत आहे. मात्र जी.एन.एम. (सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्राची पदविका) किंवा बी.एस्सी. नर्सिंगनंतर वर्षभर राबून अतिदक्षता, नवजात शिशू किंवा कर्करोग परिचर्येची पोस्ट बेसिक पदविका मिळविलेल्या मुलींच्या त्या पदविकेला जर्मनीत काय किंमत आहे, हे या चर्चेत कोणीच सांगत नाही. म्हणून हे पत्र.

मूळ परिचारिका म्हणून मान्यता मिळण्याची वाट लांबची असली तरी ठरलेली आहे. बी-२ पातळीपर्यंत जर्मन भाषा यावी लागते, कागदपत्रांची शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतरे करून ती त्या त्या राज्याच्या कार्यालयाकडे द्यावी लागतात, आणि मग आपला अभ्यासक्रम तिकडच्या अभ्यासक्रमाशी ताडून काय कमी पडते याचा लेखी निर्णय येतो. कमी पडणारा भाग रुग्णालयातील अनुकूलन प्रशिक्षणाने भरून काढायचा किंवा तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा द्यायची, असे दोन पर्याय असतात. तोपर्यंत मुलगी परिचर्या सहायक म्हणून कमी पगारावर काम करते.

आपल्या मुलींचे नेमके काय कमी पडते, हेही समजून घेण्यासारखे आहे. जर्मनीने १ जानेवारी २०२० पासून सामान्य, बाल आणि वृद्ध परिचर्या एकत्र करून एकच अभ्यासक्रम केला. त्यात २,१०० तास वर्ग-अध्यापन व २,५०० तास प्रात्यक्षिक आहे आणि वृद्धांच्या शुश्रूषेला त्यात मोठे स्थान आहे. आपल्याकडे प्रशिक्षणाचा बराच काळ प्रसूतिकक्षात जातो; जी.एन.एम.मधला ‘एम’ मिडवाइफरीचाच आहे. जर्मनीत सुईणीचा पेशा पूर्णपणे वेगळा असल्याने त्या तासांचा तिथे फारसा उपयोग होत नाही आणि वृद्ध परिचर्येचे तास मात्र अपुरे ठरतात. शिवाय आपल्या वॉर्डात रुग्णाला आंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलून देणे ही कामे नातेवाईक आणि मावशी करतात, तर तिथे तो परिचारिकेच्या कामाचा गाभा मानला जातो. याबद्दल काही मुली कुरकुर करतात, ती मला पटत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीची त्वचा रोज परिचारिकेच्या नजरेखालून जात असेल, तर शय्याव्रण (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) वेळीच लक्षात येतात. आपण हे काम हातातून सोडले, हीच चूक झाली.

खरी अडचण विशेष प्रशिक्षणाची आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने जी.एन.एम.नंतर अतिदक्षता परिचर्येची पदविका घेतली आणि आठ वर्षे एका खाजगी रुग्णालयाच्या आय.सी.यू.त काढली. जर्मनीत तिची मूळ मान्यता यथावकाश झाली व ती तिथल्याही अतिदक्षता विभागातच रुजू झाली. पण विशेष परिचारिका हे पद, त्याला जोडलेली वरची वेतनश्रेणी आणि पाळीची जबाबदारी तिला मिळालेली नाही. ‘‘मॅडम, व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला की सगळे माझ्याकडे बघतात आणि सहीची वेळ आली की दुसरीला बोलावतात,’’ असे ती मला फोनवर म्हणाली.

यात जर्मन माणसांचा दुष्टपणा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिकडे अतिदक्षता व भूल परिचर्येचे विशेष प्रशिक्षण मूळ परवान्यानंतर, नोकरी सांभाळून, साधारण दोन वर्षांचे असते. जर्मन रुग्णालय संघटनेच्या शिफारशीनुसार त्यात किमान ७२० तास अध्यापन व १,८०० तास प्रात्यक्षिक असावे लागते. हे प्रशिक्षण प्रत्येक राज्य आपापल्या नियमांनी चालवते. युरोपीय संघात एका देशाच्या पदवीला दुसऱ्या देशात आपोआप मिळणारी मान्यतासुद्धा सामान्य परिचर्येपुरतीच आहे, विशेष शाखांना ती लागू नाही. ब्रिटनमध्ये तर नोंदवहीत प्रौढ, बाल, मानसिक आरोग्य आणि अध्ययन अक्षमता एवढेच विभाग असल्याने तिथे अतिदक्षतेची पदविका नोंदवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. निदान निघण्यापूर्वी ते माहीत तरी असते.

आपली एक वर्षाची पदविका त्यांच्या प्रशिक्षणाच्या बरोबरीची आहे, असा माझा दावा नाही. पण ती शून्यही नाही. जेवढे जुळते तेवढे वजा करून उरलेला भाग शिकायला लावावा, एवढीच अपेक्षा आहे आणि माझ्या त्या विद्यार्थिनीच्या जर्मनीतील रुग्णालयाची त्याला तयारीही होती. त्यांनी तिच्याकडे एकच कागद मागितला : पदविकेच्या वर्षात कोणता विषय किती तास शिकवला आणि कोणत्या विभागात किती तास प्रत्यक्ष काम केले, याचा संस्थेच्या शिक्क्यानिशी तपशील.

हा कागद तिला मिळाला नाही. संस्थेकडे गुणपत्रिका होती, प्रमाणपत्र होते, परिचर्या परिषदेकडील नोंदणीही होती. तासांचा तपशील मात्र नव्हता. तिचे लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामाची नोंदवही, परीक्षेनंतर संस्थेतच राहिले आणि पुढे रद्दीत गेले. ‘‘असा कागद आजवर कुणी मागितला नाही,’’ असे उत्तर तिच्या भावाला तीन खेपांनंतर मिळाले. हा दोष मी केवळ दुसऱ्यांवर ढकलत नाही. तपासणी आली की आठवडाभर बसून मुलींकडून लॉगबुके भरून घ्यायची आणि समिती गेली की ती कपाटात टाकायची, हे मीही वर्षानुवर्षे केले आहे. या वह्यांवर पुढे कोणाचा पगार ठरेल, हे तेव्हा मनातही आले नव्हते.

म्हणून शासनाला विनंती आहे की, मूळ पदवीबरोबर पोस्ट बेसिक पदविकांचाही विषय या करारात घ्यावा. दोन्हीकडच्या जाणकारांनी निदान अतिदक्षता आणि नवजात परिचर्या या दोन अभ्यासक्रमांची एकदाच तासनिहाय तुलना करून ठेवली, तर प्रत्येक मुलीला एकटीने तेच भांडण भांडावे लागणार नाही. यात त्यांचाही स्वार्थ आहे, कारण जर्मनीत कमी दिवसांच्या बाळांच्या अतिदक्षता विभागात विशेष प्रशिक्षित परिचारिकांचे ठरावीक प्रमाण नियमानेच राखावे लागते. केरळने ‘नोर्का’ या अनिवासी केरळीयांसाठीच्या आपल्या शासकीय यंत्रणेमार्फत २०२१ मध्येच जर्मनीशी परिचारिकांबाबत करार केला, त्यांच्या अनुभवाची विचारपूस करण्यात आपल्याला कमीपणा वाटू नये.

दुसरे काम त्याहून सोपे आहे आणि त्यासाठी जर्मनीची परवानगी लागत नाही. महाराष्ट्र परिचर्या परिषदेने तासांच्या तपशिलाचा एकच नमुना ठरवून द्यावा आणि प्रत्येक संस्थेने तो पदविका प्रमाणपत्रासोबतच विद्यार्थिनीच्या हातात ठेवावा. भाषेच्या वर्गात नाव घालतानाच, ‘तुमची विशेष पदविका तिकडे सध्या धरली जाईलच असे नाही’ हे मुलीला मराठीत लेखी सांगावे. दहा वर्षांच्या अनुभवी सिस्टरने ते कळूनही जायचे ठरवले, तर तो तिचा प्रश्न.

हे होईल तेव्हा होईल. तोवर ज्या मुली आज या पदविका करत आहेत, त्यांनी आपले लॉगबुक संस्थेत जमा करण्यापूर्वी त्याच्या प्रत्येक पानाची छायाप्रत काढून त्यावर परिसेविकेची (वॉर्डच्या प्रमुख सिस्टरची) सही घेऊन ठेवावी.

आपली,
एक निवृत्त पाठ्यनिर्देशिका, सातारा