बाळूस: तुझ्या रक्ताविषयी

कोल्हापूर,
रविवार

प्रिय बाळू,
सप्रेम नमस्कार.

"माझ्या रक्तातच खोट निघाली, आता पोरीसाठी स्थळ कुठल्या तोंडानं बघू?" हे तुझं वाक्य वाचल्यापासून चैन पडत नाही. म्हणून आधी तेवढंच सांगतो. तुझ्या रिपोर्टातला जेएके-२ जनुकातला बदल तुला आईवडिलांकडून आलेला नाही आणि तुझ्याकडून पोरीकडेही जाणार नाही. तो अस्थिमज्जेतल्या एका मूळपेशीत घडला आणि तिच्यापासून झालेल्या रक्तपेशींतच राहिला. लग्नाचं बोलणं थांबवू नकोस.

आता आजार समजून घे. त्याचं नाव पॉलिसायथेमिया व्हेरा, म्हणजे अस्थिमज्जा गरजेपेक्षा जास्त तांबड्या पेशी बनवते आणि रक्त दाट होतं. रक्तात प्राणवायू कमी पडला की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतं. ते अस्थिमज्जेतल्या पेशीच्या बाहेरच्या ग्राहीवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनावर, बसतं. त्या ग्राहीला आतल्या बाजूनं जेएके-२ हे, त्याच नावाच्या जनुकावरून बनलेलं, प्रथिन चिकटलेलं असतं. ते जागं होतं, स्टॅट-५ नावाच्या प्रथिनाला फॉस्फेट जोडतं, आणि ते केंद्रकात जाऊन तांबड्या पेशी वाढवायला लावतं. काम झालं की सगळं शांत व्हायला हवं. जेएके-२ ला आवरून धरणारा भाग त्याच्यातच असतो. तुझ्यात नेमक्या त्याच भागात, ६१७ व्या जागी, व्हॅलिन या अमिनो आम्लाऐवजी फिनाइलअ‍ॅलनिन आलंय. त्यामुळं वस्तादानं हाक दिली नाही तरी पठ्ठ्या जोर मारतच सुटलाय. एवढ्याशा फरकानं केवढा घोळ होतो! पॅरिस, केंब्रिज, बासेल आणि बोस्टनच्या प्रयोगशाळांना हा बदल २००५ साली सापडला. पॉलिसायथेमिया व्हेराच्या शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव रुग्णांत तो असतो.

आपल्याकडं चेहऱ्याची लाली म्हणजे तालमीची कमाई. तुझ्या लालीचं सगळ्यांनी कौतुकच केलं. गरम पाण्यानं अंघोळ केली की अंग खाजायचं, तेही कुणी मनावर घेतलं नाही. पण दाट झालेलं रक्त गाठ धरतं. मेंदूत, हृदयात, पायात, यकृताच्या शिरांतसुद्धा. खरा धोका तो आहे.

म्हणून रक्त काढून घ्यायला कचरू नकोस. पैलवान गड्याला ते जिवावर येतं, ठाऊक आहे मला. पण हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, ४५ टक्क्यांच्या खाली ठेवल्यानं हृदयविकार आणि गुठळ्यांचा धोका कमी होतो, हे २०१३ च्या इटलीतल्या चाचणीत दिसलंय. रक्त काढल्यावर लोह उतरतं, ते अपेक्षितच असतं. कुणी रक्तवाढीचं टॉनिक आणून दिलं तर मुळीच घेऊ नकोस. अ‍ॅस्पिरिन डॉक्टरांनी लिहिलंय तेवढंच घे. रक्तपेशींची वाढ कमी करणारं हायड्रॉक्सियुरिया हे औषध लागू पडलं नाही किंवा सोसलं नाही, तर जेएकेलाच आवर घालणारं रक्सोलिटिनिब आहे. त्याविषयी डॉक्टरांनाच विचार.

पुढच्या तपासणीचा आकडा मला फोनवर कळव. आणि हे पत्र वहिनींना वाचून दाखव, त्याही याच काळजीत असतील. पोरीला आशीर्वाद.

तुझा,
दिनकर